इरासाठी सूचना

सोमवार, ३ मार्च २०२५

इरा येतेय! तिकीट काढून मोकळी झाली. २६ तारखेला उतरणार, तीन आठवडे राहणार. फोनवर नुसती ओरडत होती – "यतीनला रजाबिजा घ्यायला लावू नकोस हं ताई! तू आहेस ना. तुझी गुरुवारची फेरी असते, तिच्यात मला घे."

गुरुवारची फेरी!

अडीच वर्षं दर रविवारी तिकडे देशात असलेल्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगतेय – गुरुवारी मुलगा यतीन आणि सून मयूरा ऑफिसला, नात यामिनी शाळेत गेली की मी एकटी ट्रेनने शहरात जाते, बंदरावर बसून जप करते, तीनच्या आत परत. खरं काय? घर, नातीची शाळा आणि पेंडल हिलचं दुकान. शहर पाहिलंय ते यतीनच्या गाडीतून, मागच्या सीटवर बसून. वाटा कुठे लक्षात राहतात!

संध्याकाळी दिवा लावताना दत्ताच्या तसबिरीकडे वर बघवलं नाही.

बुधवार, ५ मार्च

इराचा मेसेज – "पहिल्यांदा येणाऱ्याला काय काय माहीत हवं ते लिहून पाठव. मी नाही का तुला शिकागोचं पाठवलं होतं?"

पाठवलं होतं खरं. हृषिकेशकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे, दोनदा राहून आलीय ती, सहा-सहा महिने. मी ते हिशेबाच्या वहीत उतरवून ठेवलंय – कधी जाणं झालंच तर! आज परत वाचलं. "वारा फार. छत्री उघडू नये, उलटी होते. ट्रेन रस्त्यावर खांब उभारून डोक्यावरून जाते आणि वळणावर किंचाळते. तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. थंडीत कुत्र्यांना कोट घालतात, पायात बूटसुद्धा. माणसं हातात कॉफी घेऊन पळत असतात."

किती बारकाईने बघते ही! आणि एकटी हिंडते. मिरजेत असताना माझं बोट सोडत नव्हती.

गुरुवार, ६ मार्च

ठरवलं. खोटं आता मागे घेता येत नाही, पण खरं तर करता येईल. तीन गुरुवार हातात आहेत.

आज स्टेशनापर्यंत गेले. यतीनने मागे कधीतरी करून दिलेलं ट्रेनचं कार्ड पर्समध्ये होतं, प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. चार गाड्या बघितल्या. दुमजली आहेत. माणसं कार्ड टेकवतात, टुण्ण वाजतं, जातात. येणारीही टेकवतात. म्हणजे दोनदा.

गाडीत चढले नाही. येताना कोथिंबीर आणली. मयूरा म्हणाली, "आई, घरात आहे की जुडी!" तिला काय सांगू.

सोमवार, १० मार्च

एकादशी. साबुदाणा. इराला पहिली सूचना लिहिली, हिच्यासाठी मला कुठे जावं लागलं नाही – "विमानात एक कार्ड देतात. पिशवीत खायचं-प्यायचं, देवाचं, जे काही असेल ते लिहून टाक, डिक्लेअर करणं म्हणतात त्याला. लपवायचं नाही. आधी सांगितलं तर काही होत नाही, फार तर वस्तू ठेवून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड."

पाठवलं आणि मग जपाला बसले. माळ तीनदा चुकली.

गुरुवार, १३ मार्च

गेले! गेले! गेले!

सकाळी नऊ चाळीसला गाडी. वरच्या मजल्यावर बसले. खुर्चीची पाठ ढकलली की पुढून मागे जाते आणि आपण ज्या दिशेला म्हणू त्या दिशेला तोंड! दोनदा करून बघितलं. समोरची बाई हसली. पॅरामॅटा आलं, यतीनचं ऑफिस इथेच. मान खाली घातली, जसं काही तो प्लॅटफॉर्मवर उभाच आहे!

मी इराला सांगून बसलेय की गाडी थेट ऑपेरा हाउसपाशी थांबते. म्हणून बसून राहिले. सेंट्रल गेलं. टाउन हॉल गेलं. बोगदाच बोगदा. एक स्टेशन आलं, निम्मी गाडी उतरली, मी नाही. मग एकदम उजेड – आणि खाली पाणी! गाडी त्या मोठ्या पुलावर! मोटारींच्या रांगांपल्याड, लोखंडी पट्ट्यांच्या फटींतून, काहीतरी पांढरं सरकत गेलं. ते ऑपेरा हाउस! ते मागे पडलं आणि मी नदीपार की समुद्रापार, देव जाणे.

पुढच्या स्टेशनावर उतरले. उतारावरून पाणी दिसलं म्हणून खाली गेले. तिथे जत्रेतल्या पाळण्यांची जागा आहे, तिच्या दाराला भलंमोठं रंगवलेलं तोंड – दात विचकून हसतंय. माझ्याकडे बघूनच हसतंय असं वाटलं. म्हटलं, हस बाबा.

पण काठावर बसले आणि समोर बघितलं. पलीकडे ऑपेरा हाउस, अख्खं! चुकीच्या बाजूने, पण अख्खं. डब्यातली दशमी काढली. एक पांढरा पक्षी आला – लाल पाय, लाल चोच – आणि हातातून अर्धी दशमी घेऊन गेला. मग त्याचे सगळे नातेवाईक आले!

परतीची गाडी कुठली ते एका पोलिसासारखे कपडे घातलेल्या मुलीला विचारलं. "पेंडल हिल?" तिने बोट दाखवलं आणि "नो वरीज" म्हणाली. किती सोपं होतं विचारणं. अडीच वर्षं!

शाळेत पोचायला तीन वीस. यामिनी फाटकाशी. "आजी, यू आर लेट! व्हेअर वर यू?" म्हटलं, देवळात.

आणखी एक खोटं. पण आज वाईट वाटायला सवडच झाली नाही.

सोमवार, १७ मार्च

संकष्टी. चंद्र ढगात. वाट बघता बघता सूचना लिहिल्या –

सिग्नलला खांबावरचं बटण दाबायचं. आधी टक… टक… वाजतं, मग एकदम टकटकटकटक – तेव्हा चालायचं. आंधळ्यांसाठी आहे म्हणे, पण मला फार उपयोगी.

सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं.

बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं. सगळे म्हणतात, शाळेतली पोरंसुद्धा. मला फार आवडलं.

पाण्याकाठी खाऊ नये. खाल्लंच तर पक्ष्यांकडे पाठ करून. पाठीचाही भरवसा नाही.

गुरुवार, २० मार्च

आज त्या निम्म्या गाडीबरोबर उतरले. विनयार्ड. वर आले, ट्रामचे रूळ दिसले, ते धरून उतारावर चालत राहिले. कुणाला विचारलं नाही. रूळ संपले तिथे बंदर.

ऑपेरा हाउसला हात लावला! लांबून पांढरं दिसतं, ते पांढरं नाहीच. टाइल्स आहेत – काही चकचकीत, काही सायीच्या रंगाच्या, आणि त्यांची नक्षी. एका ठिकाणी ते छप्पर अगदी हाताला येतं. गार होतं. मला उगाच वाटलं, देवळाच्या पायरीला लावतात तसा हात कपाळाला न्यावा. नेला. कोण बघतंय!

पायऱ्यांवर बसून एक माळ जप केला. अडीच वर्षं जे सांगत होते ते आज केलं.

मग खोटं पुसलं का? नाही पुसलं. पण आता निदान वाट दाखवता येईल. इराला कळायचं कारण नाही.

बुधवार, २६ मार्च

आली! पांढरे केस तसेच ठेवलेत, छान दिसते. यतीन आणि मी आणायला गेलो. कार्डावर सगळं लिहिलं तिने – लाडू, मेतकूट, देवीच्या ओटीचा नारळ. नारळ ठेवून घेतला. बाकीचं परत. "दंड नाही, ओरडा नाही, वर मला थँक्यू म्हणाला ताई! तू लिहिलंस म्हणून. नाहीतर मी नारळ साडीत गुंडाळणार होते."

नारळाची चुटपुट लागली. पण देवीला कळतं.

रविवार, ३० मार्च

पाडवा. मागच्या अंगणात गुढी. कडुनिंब कुठला, दुकानातल्या कढीलिंबावर भागवलं. मयूराचं श्रीखंड फार छान झालं. इरा सगळ्यांना शिकागोचं सांगत होती – ट्रेनचं किंचाळणं, कुत्र्यांचे बूट. यतीनने विचारलं, "मावशी, तिकडे तिकीट कसं काढतात? कार्ड असतं का इथल्यासारखं?" इरा म्हणाली, "अरे असतं काहीतरी," आणि श्रीखंड वाढायला उठली.

गुरुवार, ३ एप्रिल

आज दोघी. मी पुढे, ऐटीत! टुण्ण. खुर्चीची पाठ फिरवून दाखवली. विनयार्डला सरकता जिना लांबलचक. मी चढले आणि मागे बघते तर इरा खालीच. कठडा धरून उभी, माणसं तिला वळसा घालून जातायत. मला वरून दुसऱ्या जिन्याने खाली यावं लागलं. तिने माझा दंड धरला तो बंदरापर्यंत सोडला नाही. सिग्नलला बटण दाबायला सांगितलं तर म्हणाली, "तूच दाब." मिरजेतलीच इरा. मला काही कळेना – शिकागोत एकटी कशी हिंडते ही?

ऑपेरा हाउस बघितलं. मग मॅन्लीच्या किनाऱ्याला जाणारी फेरीबोट. जिथे मोठा समुद्र आत येतो तिथे बोट हलायला लागली. इरा रेलिंग घट्ट धरून म्हणाली, "ताई, मला डिक्लेअर करायचंय."

मी हसले. ती हसली नाही.

"मी शिकागोत एकदाही एकटी बाहेर पडले नाही. चौदावा मजला. हृषिकेश शनिवार-रविवार गाडीतून न्यायचा. बाकी खिडकी. ट्रेन, कुत्री, छत्र्या – सगळं वरून बघितलंय. दार उघडून लिफ्टपर्यंत जायचे आणि परत यायचे. तू म्हणालीस ना, आधी सांगितलं तर काही होत नाही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि तेव्हा तोंड उघडायचं सोडून म्हटलं काय? "जाऊ दे गं, सगळ्यांना नाही जमत."

सगळ्यांना नाही जमत! माझी जीभ झडत कशी नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

सांगितलं. सकाळी, तिच्या हातात चहाचा कप देऊन. दोन्ही हात ओट्यावर ठेवून सांगितलं – गुरुवार खोटे, बंदर खोटं, मी खरी गेले ती तू येणार म्हटल्यावर, तीन आठवड्यांत.

वाटलं होतं हसेल. दोघी सारख्याच, म्हणेल.

तिने कप खाली ठेवला. "काल का नाही बोललीस? काल मी सांगितलं तेव्हा?" मग हळू – "तुला माहितेय मी त्या खिडकीत बसून काय म्हणायचे? ताई दहावी शिकलेली, पासष्टीला आलेली, एकटी ट्रेनने जाते. आणि मी बी.ए., मला लिफ्ट जमत नाही. हृषिकेशलासुद्धा म्हणायचे – माझ्यातच काहीतरी कमी आहे रे. ताईला जमतं."

मी म्हटलं, तू पण तर सांगत होतीस.

"तू सांगायला लागलीस म्हणून!"

खोलीचं दार लावून बसली. जेवली नाही.

शनिवार, ५ एप्रिल

जुन्या वह्या काढल्या. मी सगळं लिहिते, मग हेही लिहिलं असणार. सापडलं – रविवार, २७ नोव्हेंबर २०२२. "तूरडाळ, तूप, यामिनीचे मोजे. इराला सांगितलं एकटी बंदरावर जाऊन आले. देवा माफ कर." तेव्हा ती शिकागोला गेलेलीच नव्हती. पहिल्यांदा गेली ती पुढच्या मे महिन्यात.

म्हणजे ती बरोबर. मी आधी.

वही तशीच उघडी तिच्या उशाशी नेऊन ठेवली. मयूरा विचारते, "आई, मावशींना बरं नाहीये का?" म्हटलं, माझ्यामुळे बरं नाहीये. तिने जास्त विचारलं नाही. गुणाची आहे.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. दुपारी पाळणा म्हटला. माझा आवाज दुसऱ्याच ओळीत अडकला. मागून इराने ओळ उचलली आणि शेवटपर्यंत म्हटला.

मग परत खोलीत गेली, दार लावून घेतलं.

सोमवार, ७ एप्रिल

सकाळी इराने वही परत आणून दिली. माझ्या त्या नोव्हेंबरच्या पानाखाली तिच्या अक्षरात – "हृषिकेशशी बोलले. सप्टेंबरात शिकागोला दोघी जायचं. आज यतीनकडून तुझ्या व्हिसाचा फॉर्म भरून घे. माझ्या सगळ्या सूचना खोड. आणि तिथे वाट माहीत नसली तर माहीत नाही म्हणायचं – मीही, तूही." मी जुनं पान काढलं, वारा, छत्री, कुत्र्यांचे बूट सगळ्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं – एक, लिफ्टचं बटण इराने दाबायचं.