बिनताऱ्याचा बुडबुडा

३ फेब्रुवारी, सकाळी ६
पीएच.डी.ची तिसरी आणि शेवटची मुदतवाढ २८ला संपते. पंचवीस दिवस. भरपूर. चार प्रकरणं तयार, पाचवं बाकी. विषय माझा पाठ आहे: दूरच्या एका सर्पिल दीर्घिकेतले (गॅलक्सीतले) तरुण, वजनदार तारे ज्या वायूतून जन्मतात त्यालाच आपल्या उजेडानं आणि अंगातून सुटणाऱ्या वाऱ्यानं दूर ढकलतात. भोवती पोकळ बुडबुडा उरतो. असे छत्तीस मोजले. प्रत्येकात तारे आहेत. आता रोज पाच पानं.

७ फेब्रुवारी
पानं शून्य. पण सदतिसावा बुडबुडा सापडला. सर्वांत मोठा, अगदी गोल, आत एकही तारा नाही. मग वायू ढकलला कोणी? जगात हे फक्त मला माहीत आहे. दूध उतू गेलं.

९ फेब्रुवारी, रविवार
नूपुरची बारावी परवापासून, तरी तिला चित्र दाखवलं. म्हणाली, "आई वं, वाटी ठेवून कापल्यासारखं दिसून राहिलं थे." लहान आहे अजून.

१२ फेब्रुवारी
रामदासपेठेत शालिकराम सरांकडे. गाइड आहेत, ऐकून घेतलं. म्हणाले, "भावनाताई, खरे बुडबुडे फाटके असतात. हा इतका गोल काहून? आधी मूळ फोटो पाहा." वयानं धाडस जातं माणसाचं. ठरवलं: अख्खा प्रबंध या एका बुडबुड्यावर. जुनी चार प्रकरणं पुसून त्याच फाइलींत नवं लिहायला घेतलं. परतीची वाट नको.

१९ फेब्रुवारी
आठ दिवस नवरोबा उन्मेषच स्वयंपाक करतो आहे. विचारत होता, "तू जेवून तरी राहिली का?" आठवत नाही. प्रस्तावना उत्तम झाली. कारण तेवढं सापडायचं आहे.

२४ फेब्रुवारी
कारण सापडलं.
मूळ फोटोत त्या जागी झगझगीत तारा आहे. आपल्याच आकाशगंगेतला, मध्ये आलेला. चार वर्षांपूर्वी मीच तो प्रोग्रॅममध्ये झाकला होता. एक वर्तुळ, आतले सगळे आकडे शून्य. शेजारी माझीच टीप: 'तात्पुरतं. नंतर काढणे.'
काढलं. खाली बुडबुडा नाही.

२५ फेब्रुवारी
चार दिवसांत पाच प्रकरणं: चार पुन्हा, एक नवं. दिवसाला सव्वा. जमेल.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
अर्धं प्रकरण. छत्तीस बुडबुड्यांचा तक्ता तेवढा शाबूत आहे. उन्मेष शेजारी बसून आकडे वाचत होता, मी टाइप करत होते. एका जागी मला रडू आलं. तो थांबला, मग पुढचा आकडा वाचला.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
एक्केचाळीस पानं घेऊन विद्यापीठात पोचले. खिडकीतल्या बबनरावांनी चाळली. "म्याडम, हा प्रबंध आहे का प्रॅक्टिकलची वही? हे मले घेता नाही येत." नोंदणी आजपासून रद्द. उन्मेष बाहेर स्कूटरपाशी उभा होता. त्यानं पानं डिकीत ठेवली.
घरी येऊन सरांना फोन केला, सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "ताई, ते छत्तीस खरे होते. तेवढे पुरले असते."