समोरच्या चाळीचे चौदा आटे

अण्णा,

परवा टीव्हीवर चार माणसं यादवीबद्दल बोलत होती. देशात खरंच पेटलं तर कोण जिंकेल, शस्त्रं कुणाकडे जास्त, लष्कर कुणाच्या बाजूला जाईल. मी भाजी निवडत ऐकत होते. तो शब्द मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला. राई गावात आपल्या चाळीच्या नळावर बायकांचे हंडे एकमेकांवर आदळायला लागले की तुम्ही हसून म्हणायचात, "लागली यादवी." मग ती लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून पुढच्या व्हॉल्व्हकडे निघायचात. कुठल्या गल्लीला पाणी कधी सोडायचं हे तुमच्या हातात होतं आणि तुमची मुलगी म्हणून मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

आता मी मीरा रोडच्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीत गाडी लावण्यावरून दोघांचं भांडण झालं. तासाभरात ते दोन धर्मांचं झालं आणि दोन दुकानं फुटली. त्यानंतर आमचे चेअरमन घरी आले. सज्जन माणूस. आईला शेवटी इस्पितळात न्यायला त्यांचीच गाडी धावून आली होती. त्यांना रविवारच्या मीटिंगआधी यादी हवीय. चाळीस फ्लॅट, कोण कुठल्या धर्माचं, घरात भाषा कोणती, भाडेकरू की मालक. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, वेळ आली तर आपली माणसं कुठल्या मजल्यावर आहेत हे माहीत नको? मग हसले. "मॅडम, लिस्टच मागतोय. तलवार थोडीच मागतोय?"

अण्णा, हे मी आधी ऐकलंय. मी नऊ-दहा वर्षांची आहे. दुपार आहे, आई भाकऱ्या थापतेय. आदल्या दिवशी समोरच्या चाळीशी मारामारी झालीय आणि आपल्यातल्या एकाचं डोकं फुटलंय. आपल्याच चाळीतले चौघे उंबऱ्यात उभे आहेत. त्यांचं पाणी दोन दिवस बंद ठेव, म्हणतायत. "तुला कुठं कुणाला मारायला सांगतोय? नुसता व्हॉल्व्ह उघडू नको." तुम्ही त्यांना चहा पाजलात. चार वाजता चावी उचललीत, मी तुमच्या मागे. वाटेत मी म्हटलं, त्यांना कशाला द्यायचं पाणी? तुम्ही थांबलात. "चावी माझ्याकडं हाय म्हणून पानी माझं होत न्हाय." मग जाऊन त्यांचाही व्हॉल्व्ह उघडलात.

ही गोष्ट मी माझ्या मुलीला कितीदा तरी सांगितलीय, एक भाग गाळून. दोन्ही चाळींचा व्हॉल्व्ह तुम्ही रोज वीस-वीस आटे फिरवायचात. मोजायची मला सवयच होती. त्या दिवशी समोरचा चौदाच फिरवलात. पाणी गेलं, पण बारीक. ती भीती होती, की आपल्या लोकांना शांत ठेवायची युक्ती, की फुटलेल्या डोक्याचा राग तुमच्याही मनात होता? तुम्ही होतात तोवर विचारलं नाही. आता वाटतं, ते चौदा आटे मी स्वतःसाठी सांभाळून ठेवले असावेत, कधीतरी सबबीसारखे उपयोगी पडतील म्हणून.

टीव्हीवरची माणसं बंदुका मोजत होती. तुमच्यासारख्यांचं नाव कुणी काढलं नाही. मला वाटतं, पेटलंच तर निकाल व्हॉल्व्हपाशी लागेल, गेटवरच्या वॉचमनपाशी लागेल, सोसायटीच्या वहीपाशी लागेल. आणि तिथल्या माणसांना कुणाला मारा असं कुणी सांगणारही नाही.

काल संध्याकाळी, नुसतं बघावं म्हणून, मी वही उघडली. रकाने आखले. सगळे भरेपर्यंत उठले नाही. तिसऱ्या मजल्यावर कपडे शिवणारी बाई राहते, आमच्या घराची दुसरी किल्ली वर्षानुवर्षं तिच्याकडे असते. तिच्या नावापुढे धर्म लिहितानाही हात अडला नाही. अक्षर तर नेहमीपेक्षा चांगलं आलंय.

यादी अजून चेअरमनना दिलेली नाही. फाडलेलीही नाही. तिच्याच पानाच्या मागच्या बाजूला तुम्हाला हे लिहितेय, म्हणजे एक फाडलं तर दुसरंही जाईल. पण सांगायचं होतं ते वेगळंच. चाळीस घरं, अण्णा, आणि मला एकाही दारावर जाऊन विचारावं लागलं नाही.