दोर्साफसाठी तीन कादंबऱ्या

बिझेर्त, रविवार

प्रिय नूफल,

सलाम आणि थोरल्या भावाचे आशीर्वाद. तुझी पाठदुखी, गफ्साची धूळ आणि नव्या घरातला गळका नळ, यांपैकी निदान एकाला तरी उतार पडला असेल अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. (माझी साखर वाढली आहे, पण ते तुझ्या वहिनीला ठाऊक नाही, उत्तरात लिहू नकोस.)

तुझी सलूहा गेल्यापासून लेक दोर्साफ दिवसभर पुस्तकात तोंड घालून बसते, तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलीजोग्या नव्या कादंबऱ्या सुचव, मात्र त्यांत कुणी मरता कामा नये, असं तू कळवलंस. आता मी पडलो गाडी शिकवणारा. जन्मात वाचलं ते वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक. (त्यातही मरणारे पुष्कळ आहेत.) तरी पुस्तकवाल्या मादाम रऊफांकडे गेलो आणि तुझी अट सांगितली. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अहो सी शाझली, मग स्वयंपाकाचं पुस्तक न्या. पण त्यातही कोंबडी मरतेच हो." आणि तीन कादंबऱ्या माझ्या हातात कोंबल्या.

पहिल्या कादंबरीतल्या मुलीचं गाव धरणात जातं आणि शहरातल्या शाळेत तिच्या बोलीला सगळे हसतात. दुसरीतल्या मुलाचा भाऊ होडीतून समुद्रापार निघतो, त्याचा फोन काही येत नाही. दोन्ही चांगल्या आहेत. घोळ केला तिसरीनं. आई गेल्यावर चौदा वर्षांचा पोरगा तिच्यासारखा कुसकुस करायला जातो, दर शुक्रवारी करपवतो, आणि बाप काही न बोलता तो करपलेला कुसकुस ताटलीभर खातो. एवढंच. पण मी ते गाडीत वाचत होतो. स्टिअरिंगवर माझी शिकाऊ लल्ला झकिया (वय बावन्न, तीनदा नापास), समोर जहाजासाठी उचललेला पूल, मागे गाड्यांची रांग. पूल खाली आला तेव्हा मी हुंदके देत होतो. बाईंनी गाडी बंदच केली आणि त्याही रडायला लागल्या, "मी इतकी का वाईट चालवते हो?" मागून भोंगे, शिव्या, शेवटी पोलीस. बाईंनी नाक पुसत त्याला सांगितलं, "पुस्तकातली आई गेलीय." त्यानं दंडाची वही काढलेली होती, ती मिटली. मग खिडकीत वाकून हळूच विचारलं, "पोराला जमला का शेवटी कुसकुस?"

तरीही मी शहाणपणा करायला गेलोच. घरी येऊन आईच्या मरणाची आठ पानं पिना मारून बंद केली, तुझी अट पाळायची म्हणून. मग पुन्हा वाचून पाहिलं, तर एक मुलगा उगाचच दर शुक्रवारी कुसकुस करपवतोय आणि का, ते कुणालाच कळत नाही. वेडाच वाटला बिचारा. पिना नखांनी उचकटताना मला तुमचं घर आठवलं, नूफल. तू तिचा फोटो उतरवलास, बिझेर्त सोडलंस, पोरीची शाळा सुटली, समुद्र सुटला. आणि का, ते घरात कुणी बोलत नाही. रागावू नकोस. मलाही सलूहाचं नाव काढायला तुझ्यासमोर भीती वाटते, म्हणून तर हे सगळं लिहून पाठवतोय.

तेव्हा माझी शिफारस तिन्हींची. मरणासकट.

तुझा,
शाझली

ता. क. तुझं पत्र येण्याच्या आठवडाभर आधी दोर्साफनं शेजारणीच्या फोनवरून मला फोन केला होता. म्हणाली, "काका, ज्यात आई मरते असं एखादं पुस्तक पाठवा ना. पण बाबांना सांगू नका, त्यांना त्रास होतो." मी कबूल केलं होतं. शब्द मोडला, हे तिला तूच सांग.

आणखी एक. पार्सलात प्रत्येक कादंबरीच्या दोन-दोन प्रती निघतील. मादाम रऊफांची चूक नाही ती, दुसरी तुझी. शाळा सोडल्यापासून तू पुस्तक हातात धरलेलं नाहीस हे मला ठाऊक आहे. अडलं तर दोर्साफला विचार.