कानामागचं दूध

४ मे १९५५
आलो बाप्पा नागपूरले! कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी. उमरेडच्या आमच्या कोष्टीपुऱ्यात, विणकरांच्या वस्तीत, बी.एस्सी. झालेला मी पहिलाच, बाबांनी मोटारस्टँडवर ओळखीअनोळखी साऱ्यांले पेढे वाटले. काम भेकांचं, म्हणजे अंगणातले ते खरखरीत बेडूक. त्यांच्या डोळ्यांमागं फुगीर गाठी असतात. दाबल्या की दुधासारखं विष येते, भेक चिडलं की जास्तच. ते काचेवर वाळवून बाटलीत भरायचं. प्रयोगशाळेचे मुख्य मधुकरराव सर म्हणाले, बाटली भरली तर नोकरी पक्की, नाहीतर घरचा माग आहेच.

११ मे
डोक्याले ताप! भेकं थेंब देऊन नाही राहिली. सरांले सांगितलं तर म्हणे, साधं दाबता काहून येत नाही गा तुले? त्यात हे ऊन, अन् नळ कोरडा. दुपट्टा भेकांच्याच हौदात भिजवून कानांवर बांधतो. शिपाई कवडू नाक मुरडते. मुरडू दे.

१७ मे
दोन्ही कानांमागं सूज. गालफुगी असन म्हणून हळद लावली. तिकडं भेकं पटापट मरून राहिली, बाटली तळालेच. सर साऱ्यांसमोर म्हणाले, कोष्ट्याले सूत समजते, विज्ञान नाही. असा संताप आला! कानामागं फणफणलं अन् दुपट्टा ओला झाला. हात लावून पाहिला तर पांढरं, चिकट.

२० मे
शेवटचं भेकही मेलं. आता काय भरू, कपाळ? आरशासमोर उभा राहिलो, सरांचे शब्द आठवले अन् सूज दाबली. काचेवर वाळलं. तेच ते. लाज वाटते, पण नोकरी—

२३ मे
बाटली भरली. सर खूश, नोकरी पक्की म्हणाले. पण कातडी सुकली की जीव घाबरते. दिवसभर हौदातच बसतो.

२५ मे
सरांनी कवडूले विचारलं, भेकं कधी मेली. मग माझा दुपट्टा सोडला. बोटानं दाबून पाहिलं. ओरडले नाही. म्हणाले, आणखी बाटल्या लागतील.

२६ मे
बाहेरून कडी. कवडू म्हणे, साहेबांचा हुकूम आहे. खिडकीतून किडे टाकले. मी बी.एस्सी. आहे गा— खाल्ले.

२७ मे
सरांची पावलं. काच वाजली. कालच म्हणाले, नोकरी पक्की केली ना, मग काहून चिडून राहिला? कोष्ट्या म्हणाले पुन्हा, मुद्दाम— चिडलो की येते— नाही चिडायचं. कडी निघाली— नाही चिडत मी, नाही चि—