दुपारचं उदमांजर

३ फेब्रुवारी
पावनीचा डबा आजही रिकामा! डबा म्हणजे कॅमेरा. येलवालच्या या घरामागं रान लागतं, तिथल्या झाडाला बांधलाय. जनावर पुढं आलं की फोटो आपसूक निघतो, वेळही उमटते. कुठलं जनावर कधी जागं असतं, ते माझी नात शोधते. आजोबा शिंपी, जन्मभर लोकांच्या बाह्या मोजत बसले, ही उदमांजराचे तास मोजते! पण रडकुंडीला आलीय. "अज्जी, काहीच येईना गं."
बोलावल्याशिवाय कोण येतंय? म्हैसूरात होते तेव्हा दुपारच्या नैवेद्यातला घास गाईला घालायची. इथं गाय कुठली? उद्यापासून त्या झाडाखाली ठेवीन — केळं नि गूळ. पावनी तेव्हा कॉलेजात असते.

१९ फेब्रुवारी
आलं! उदमांजर — भर दुपारी बारा वाजता! पावनीनं मला धरून गरगर फिरवलं. गुडघा दुखला, दुखू दे. हे रात्रीचं जनावर, म्हणे. दुपारी असं येताना कुणी बघितलंच नाही! मी मनात म्हटलं — केळं माझं!

२ मार्च
लिहायची लाज वाटते.
पावनीचे सर, नरसिंहमूर्ती, जेवायला आले होते. बिसीबेळेभात दोनदा मागून घेतला. मग म्हणाले, "तिथं कुणी खायला तर घालत नाही ना? मागं एका मुलाचं सगळं काम रद्द करावं लागलं. गुराखी भाकरी टाकायचा."
"इल्ला सर, कुणीच नाही," पावनी पटकन म्हणाली. पोरीला बिचारीला काय ठाऊक! अठ्ठावीसला बंगळूरच्या मोठ्या सभेत ती हेच उदमांजर सांगणार. देवाच्या नावानं नातीच्या कामात माती कालवली मी!

३ मार्च
आज ठेवलं नाही.

९ मार्च
"अज्जी, दुपारी येईनासं झालं." माझ्याकडंच बघत होती. मी अवरेकाळूच्या शेंगा सोलत राहिले. मान वर करवेना.

२६ मार्च
पंचाहत्तरीची बाई मी, स्वतःच्या घरात चोरासारखी वावरते. देवापुढंही बसवेना. पोरगी त्या सभेत खोटी पडायला नको. उद्या सांगायचंच — रागावली तर रागावू दे.

२७ मार्च
सांगितलं. रागावली नाही. पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली.
"ठाऊक आहे, अज्जी. रोज फोटोत तू होतीस, ताट घेऊन. तुझे फोटो मीच पुसले."