कुलूप लागलं का?

९ जानेवारी ८४, हिंगणघाट
आजही स्टँडच्या वाटेवरून परत. आष्टीला मीनाकडे निघालो होतो. कापडाच्या दुकानापाशी वाटलं, कुलूप राहिलं. परत येऊन पाच वेळा ओढून पाहिलं. लागलेलंच होतं. बस गेली. ह्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. लेकीच्या लग्नाला वर्ष झालं, तिचं घर मी पाहिलेलं नाही. २५ मार्चला तिचं डोहाळजेवण. मी जाणार. त्याआधी ह्यावर इलाज शोधणार.

१८ जानेवारी
शेजारच्या सुमनवहिनींना घरात बसवून नागपूरला. कुलूप नसलं की जमतं. पण आष्टीला जायचं तर दोन दिवस घर कोण राखणार?
डॉक्टर : झोप येते? येते. जेवण? जातं. गोळ्या लिहून दिल्या. पाच मिनिटं.

२७ जानेवारी
गोळ्यांनी दुपारीही झोपते. उठले की आधी मागच्या दाराच्या कुलपाकडे. वहिनी म्हणाल्या, "बाई, हात लावून लावून कुलूप झिजून जाईन तुमचं." हसले. मग त्यांनाच विचारलं, लागलंय ना? "लागलं जी, मी पाह्यलं."

३ फेब्रु.
दुसरे डॉक्टर, नागपूरचेच. माझी एक कथा वाचलेली निघाली. तासभर आई, बालपण, लेखन. छान बोलले मी, वाक्यं जुळवून. घरी आल्यावर लक्षात आलं, कुलपाचं सांगायचंच राहिलं. माणूस चांगला. पण तिथे मी लेखिका होऊन बसते. पुन्हा नाही.

१८ फेब्रु.
वर्ध्याला एका दवाखान्यात शनिवारी एक बाई येतात. औषध देत नाहीत, बोलून इलाज करतात. माझ्याहून लहान. कथा वगैरे काही ठाऊक नाही.
"किती वेळा परत जाता?"
"चार. कधी सात."
घर ते स्टँड नकाशा काढायला लावला. दुकानापाशी फुली. मग, "कुलूप लागलंय असं तुम्हाला कोण कोण सांगतं?"
हे. वहिनी. एकदा पोस्टमनसुद्धा.
"त्यांचं सांगणं थांबवा. विचारलंत तर म्हणू देत, माहीत नाही."
आणि भीती आली की पळायचं नाही, घड्याळ बघत बसायचं. पाऊण तासात ओसरते म्हणे.
रागच आला. ज्यांच्या आधारावर उभी आहे त्यांनाच गप्प करायचं?

२५ फेब्रु.
गेले नाही. चौथं कोणी शोधावं का? दिवसभर घोळलं. बाकीच्या दोघांनी फुली कुठे ते विचारलंच नव्हतं. ह्याच बाई.

२६ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. चहा तसाच राहिला.
"इतकी वर्सं तुले मीच पाहून सांगतो. आता तूच म्हनतं, सांगू नका?"
"हो."
"मंग मी कोन्या कामाचा?"
शनिवारी वर्ध्याला सोबत चला, म्हटलं.

३ मार्च
वर्ध्याला हेही आले. बाईंनी ह्यांच्याकडूनच 'माहीत नाही' म्हणवून घेतलं, तीनदा. तिसऱ्यांदा जमलं.

११ मार्च
एकदाच कुलूप, हात न लावता चालायला लागायचं. दुकान गाठलं. छातीत धडधड, घाम. कठड्यावर बसून राहिले. दुकानदार म्हणाला, पाणी देऊ का? चाळीस मिनिटांनी खरंच उतरलं. पुन्हा उद्या.

१७ मार्च
काल एकदा परतले. बाईंना सांगून टाकलं. "बरं. मग आज?" एवढंच.

२४ मार्च, बसमध्ये
अक्षर हलतंय. कुलूप एकदाच लावलं, किल्ली ह्यांच्याकडे. दुकान मागे गेलं. बस सुटल्यावर विचारलंच, "अहो, लागलं का?"
हे खिडकीकडे वळले. मग हळूच, "मले माहीत नाई."
त्यांचा हात माझ्या हातावर.
वर्ध्याला बस बदलायची. तिथे हिंगणघाटची परतीची गाडी उभी असते.
पाऊण तासातली बारा मिनिटं झाली.