डाळीसाठी बोडीचं पाणी

३ ऑगस्ट, रविवार
धानाचा रोवणा होऊन आठवडा झाला. आज बांधीतल्या पाण्यात निळं-हिरवं शेवाळ टाकलं. वाळवलेले पोपडे सगळ्या बांधीले पुरले. शेवाळ वाढवायच्या खड्ड्याच्या तळाशी घमेलंभर ओलं उरलं. हे म्हणाले, उकिरड्यावर टाक. मन झालं नाई. सिंदेवाहीच्या शेतीच्या प्रशिक्षणात मॅडमनी सांगितलं होतं, दिसते शेवाळासारखं पण आहे जिवाणू. धरतीवर झाड नव्हतं, जनावर नव्हतं, तेव्हा यानंच पहिल्यांदा श्वासाची हवा केली. अजूनही हवेतलं खत ओढून धानाच्या मुळाशी देते. असं जे अन्न देते ते पायदळी कसं येऊ द्यायचं. हळद-कुंकू वाहिलं, गावच्या बोडीवर, तळ्यावर नेलं, हात जोडून पाण्यात सोडलं. निर्माल्य सोडतो तसंच.

११ ऑगस्ट, सोमवार
श्रावण सोमवार, उपास. पाच-सहा दिवस पाऊस नाई. चैतासारखं ऊन. बोडीच्या काठाले हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा तवंग. कपडा बांधून पाण्याचा गुंड भरला. करता काय, बोअरिंगचं पाणी लोखंडाचं, त्यात डाळ चार शिट्ट्यांतही फुटत नाई. सगळं गाव डाळीसाठी बोडीचंच आणते. उकळतेच आहे म्हणून...
प्रणाली, आमची लेक, पहिल्या बाळंतपणाले आलेली. आठवा सरत आला. वाटीभर वरणाचं पाणी प्यायली. मीच दिलं, ताकदीचं म्हणून.
तवंगाचा रंग ओळखीचा वाटला. आपल्या खड्ड्यातही असाच होता. नको तो विचार.

१३ ऑगस्ट, बुधवार
शेजारच्या देवकाबाईच्या दोन बकऱ्या बोडीच्या काठी मेल्या. तोंडाले फेस. देवकाबाई म्हणते, मारोतीनं जहर घातलं. तो बोडीत मासे धरतो, बकऱ्या जाळं तुडवतात म्हणून मागं भांडण झालं होतं. मारोती शपथा घेऊन राह्यला. मी दारात उभी होती, बोलली नाई. पोथी उघडली, एक ओळ वाचवली नाई.
बकऱ्यांचं पाणी आणि आपलं पाणी एकच.

१४ ऑगस्ट, गुरुवार
प्रणालीले सकाळी दोन उलट्या. मॅडमले फोन लावला. रंग सांगितला, वास सांगितला. म्हणाल्या, बोडी आजच बंद करा. म्हटलं, आम्ही उकळून घेतो.
"उकळून हे विष जात नाही, ताई. उलट पेशी फुटतात आणि सगळं पाण्यात उतरतं."
 चार दिवस मी पोरीले कढवून कढवून...
मग घमेल्याचं सांगितलं. हसल्या नाईत. म्हणाल्या, तुमचं आणि हे एकाच कुळातलं असलं तरी कुळात सगळे सारखे नसतात. एका घमेल्यानं बोडी हिरवी होत नाही. शेताशेतातून वाहून आलेलं खत, थांबलेलं पाणी, ऊन, त्यानं होते. विचारलं, मग माझं नाई ना? म्हणाल्या, तपासल्याशिवाय मी तसं लिहून देणार नाही. पाणी बाटलीत भरून पाठवा.
दुपारी ऑटो करून दवाखान्यात. ह्यांनी डॉक्टरले बोडीच्या पाण्याचं सांगितलं. घमेल्याचं ह्यांनी फोनवर ऐकलं होतं, तरी आम्ही दोघंही बोललो नाई. बाळाचे ठोके ऐकू आले. रक्त घेतलं, चंद्रपूरले जाईल, मधात सुट्ट्या, चार-पाच दिवस लागतील. तोवर बाळ किती हलते ते मोजायचं. कमी झालं तर लगेच आणा म्हणाले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंड्यानंतर ग्रामसभा. मारोतीले मधात बसवलं होतं. जहर घालणारा सापडला की पाणी आपोआप चांगलं होईल, असंच सगळे बोलून राह्यले. सकाळीही बायांनी गुंड भरले. मी उठली. सगळं सांगितलं. खड्डा, घमेलं, हळद-कुंकू, उकळण्याचं.
देवकाबाई म्हणाली, "पूजा करूनशान जहर सोडलं काय वं? मारोतीले त मी दोन दिवस शिव्या देऊन राह्यली."
मारोती म्हणाला, "बाईले नको बोलू. तुह्या वावरातलं युरिया कुठी वाहते, थेही बोडीतच."
हे मान खाली घालून बसले होते. मागून एक म्हातारा म्हणे, आता डाळ दातानं फोडा. थोडे हसले. मी नाई.
सरपंचानं बोडीच्या वाटेवर काट्या टाकायले लावल्या. पाण्याची बाटली घेऊन मारोतीच सायकलनं मॅडमकडं गेला. घरी येतायेता ह्यांनी एवढंच विचारलं, "मले अगोदर काऊन नाई सांगितलं तुले भेव वाटून राह्यलं त?" सांगायचं होतं. 

१६ ऑगस्ट, शनिवार
उलटी एकच. लोखंडी पाण्यातली डाळ कडक राह्यली, प्रणालीनं भात-मीठ खाल्लं. काट्या दोन ठिकाणी सरकवलेल्या दिसल्या. कोणीतरी पाणी नेलं. कोण, ते विचारायले गेली तर तोंड नाई माझं. काट्या परत लावल्या.
पाण्याचा निकाल नाई. रक्ताचा नाई.
देवापुढं बसली. काय मागू? माझ्या घमेल्यानं झालं नाई असं निघू दे म्हणावं, की काहीही निघो, पोर सुखरूप राहू दे. दोन्ही मागितलं. लाज वाटली.

१७ ऑगस्ट, रविवार
ऊन तसंच. सकाळपासून पोरीच्या पोटावर हात ठेवून बाळाची हालचाल मोजत बसली आहे. प्रणाली म्हणते, "आई, तू अशी टवकारून बसली त थे भिऊनच हलत नाई." हसली, मग तीही मोजायले लागली.
सात ते आठ: सहा.
आठ ते नऊ: पाच. एक जोराची.
नऊ ते दहा: तीन. झोपलं असेल.
हे ऑटोवाल्याले थांबवून ठेवायले गेले.
दहा ते अकरा: दोन, की एकच? प्रणाली म्हणते दोन.
अकरा ते बारा: